लंगडी कोंबडी आणि दोषाचा शोध

अंगणांत दाणे टिपणारी पाळीव कोंबडी एके सकाळीं लंगडूं लागली, तर घरांतील माणसें प्रथम काय विचारतात? 'हिला काय झालें?' असें थोडे विचारतात. 'हें कोणीं केलें?' असें पुष्कळ. मग शेजारच्या पोराचा दगड किंवा एखाद्या विधवेची दृष्ट, असें कांहींतरी तोंडीं येतें. आणि एकदां नांव सांपडलें कीं शोध थांबतो. वाचकहो, पहिला प्रश्न कोंबडीच्या हिताचा आहे; दुसरा बहुधा आपल्या रागाचा असतो.

यास्तव प्रथम कोंबडी हातीं घ्यावी. तळपायास सूज व काळी खपली असेल, तर जखमेंतून जंतु शिरले आहेत. उंच दांडीवरून कठीण भुईवर वारंवार उडी घेणाऱ्या जड कोंबडीस असें होतें. पायांचे खवले खरबरीत व उचललेले दिसले, तर त्यांखालीं सूक्ष्म किडे असतात. बोटांस दोरा आवळला आहे काय, तेंही पाहावें. कोवळ्या पक्ष्याचा एक पाय पुढें व एक मागें पसरला असेल, तर हंगेरीचे पशुवैद्य मारेक यांनीं १९०७ सालीं वर्णिलेला सांसर्गिक रोग संभवतो; त्यास औषध नाहीं, पिलांस आरंभींच टोंचलेली लस मात्र उपयोगी पडते.

पाय निर्दोष दिसले, तर खाद्य पाहावें. जावा बेटावर, बटाव्हिया म्हणजे आतांचें जकार्ता येथें, आइकमान नांवाचे डच वैद्य बेरीबेरी रोगाचा जंतु शोधीत होते. १८९० च्या सुमारास त्यांच्या कोंबड्यांचे पाय लुळे पडूं लागले. जंतूचाच संशय आला. परंतु पुढें कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीअंतीं कळलें कीं, मध्यंतरीं त्यांस लष्करी इस्पितळांतील कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात मिळत होता; नव्या स्वयंपाक्यानें तो देण्याचें नाकारिलें, आणि त्यांस पुन्हां कोंड्याचा तांदूळ मिळूं लागला. तरी पांढऱ्या भातांत विष असावें, असें आइकमान यांस वाटलें. १९०१ सालीं ग्रेइन्स यांनीं उलगडा केला: कोंड्याबरोबर एक आवश्यक द्रव्य फेंकलें जात होतें. तेंच आज थायमिन अथवा 'ब-१' जीवनसत्त्व म्हणून ओळखिलें जातें.

यांत मोठा बोध आहे. दुःखाचें कारण नेहमीं बाहेरून आलेला शत्रूच असतो असें नाहीं. जें द्यावयाचें तें दिलें गेलें नाहीं, हेंही कारण असूं शकतें. त्या कोंबड्यांस कोणीं मारिलें नव्हतें, आणि भात घालणाऱ्याच्या मनांत वाईट नव्हतें.

कोणी म्हणेल, 'मग दोष कोणाचाच नाहीं काय?' तसें नव्हे. पोरानें खरोखर दगड मारिला असेल, तर त्यास जाब विचारणें योग्यच आहे. परंतु कारण ठरल्यावांचून दोष ठरत नाहीं. न पाहतां आरोप करणारा दुहेरी अन्याय करितो: कोंबडी लंगडीच राहते, आणि शेजारीण गांवांत कलंकित होते. कोंबडीस आपली व्यथा सांगतां येत नाहीं. आणि एकाकी विधवेचें बोलणेंही गांव क्वचितच ऐकतें. म्हणून ज्याच्या अंगणांत ही गोष्ट घडली, त्यानेंच प्रथम कोंबडी उचलून तिचा पाय उजेडांत धरावा. शेजारणीचें नांव घेण्याचा प्रश्न त्यानंतरचा.