हमीपत्र आणि आप्तवाक्य

एखाद्या दोषाचा अनुभव एकाला येतो आणि त्या दोषाच्या अस्तित्वाविषयी निर्णय देण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याच्या हाती असतो, तेव्हा कोणाचे ज्ञान प्रमाण मानावे, हा प्रश्न आपल्याकडील दार्शनिकांनी फार प्राचीन काळी उपस्थित केला. परंतु तो केवळ शास्त्रार्थाचा विषय नाही, हे हमीच्या मुदतीत असलेली सेकंडहँड मोटार दुरुस्तीला नेणाऱ्या कोणाही गृहस्थाला ठाऊक असते. श्रीगोंद्यासारख्या तालुक्याच्या गावचा माणूस पुण्याच्या बाजारातून ऑटोमॅटिक गाडी खरेदी करतो, सोबत हमीपत्र घेतो, आणि थोड्याच दिवसांत त्याच्या ध्यानात येते की दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना गाडी हिसका देते, कधी क्षणभर अडखळते, तर कधी थांबता थांबता एकदम पुढे झेपावते. तो रजा काढून सर्व्हिस सेंटरला जातो. तेथे स्कॅनर जोडला जातो, गाडीच्या स्मृतीत दोषाचा कोणताही कोड नोंदलेला नाही असे आढळते, मेकॅनिक एक फेरी मारून येतो आणि सांगतो, "साहेब, गाडी ओके आहे. आमच्यासमोर काही झालं नाही."

मेकॅनिक असत्य बोलत नसतो, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. त्याच्यासमोर दोष प्रकट झाला नाही ही वस्तुस्थितीच आहे. मात्र 'दिसले नाही' यावरून 'नाही' असा निर्णय केव्हा काढता येतो, याचा विचार कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी ज्या सूक्ष्मतेने केला, तिची येथे नितांत आवश्यकता आहे. न दिसणे हे अभावाचे प्रमाण होऊ शकते, परंतु वस्तू तेथे असती तर ती अवश्य दिसली असती, अशी परिस्थिती असेल तरच. हिलाच ते योग्यानुपलब्धी म्हणत. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून तो नाही असे म्हणता येत नाही. गाळपाच्या हंगामात श्रीगोंदा तालुक्यातील काष्टीहून दौंडकडे जाताना, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांमागे दीर्घकाळ रांगत गेलेली गाडी, आणि सकाळच्या थंडीत मोकळ्या रस्त्यावर दहा मिनिटे फिरविलेली तीच गाडी, या दोहोंची अवस्था सर्वस्वी भिन्न असते. रांगताना क्लच अर्धवट पकडीत राहून घासत आणि तापत जातो, आणि कोरड्या क्लचच्या डीसीटी, म्हणजे दुहेरी क्लचच्या, गाडीला तर ही स्थिती विशेष जाचक ठरते. टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे तेलाच्या माध्यमातून इंजिनाचा जोर पुढे नेणाऱ्या, गाडीत तापलेले तेल पातळ होते, आणि झिजलेल्या झडपांमधून त्याचा दाब अशा वेळीच गळू लागतो. या परिस्थितीत तपास झाला नसेल तर दोषाचे न दिसणे काहीच सिद्ध करीत नाही. कोऱ्या स्कॅनरचेही तसेच आहे, कारण जे बिघाड नियंत्रकाच्या ठरविलेल्या मर्यादेबाहेर जातात त्यांचीच नोंद तो करतो, आणि झालेली नोंद पुसून टाकणे हे एका कळीचे काम आहे.

दोष म्हणावे कशाला, हेही सहज ठरत नाही. २०१४ साली मारुतीच्या सेलेरिओ गाडीबरोबर आपल्या बाजारात आलेली एएमटी ही मूळची हाताने गिअर बदलण्याचीच व्यवस्था. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेथे माणसाऐवजी यंत्र करते, इतकेच. त्यामुळे गिअर बदलताना क्षणभर जोर तुटणे आणि बसणाऱ्याची मान किंचित पुढे झुकणे हा त्या गाडीचा स्वभाव आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत एक क्लच सुटत असतानाच दुसरा पकड घेत असतो, म्हणून तेथे हेच घडू लागले तर त्याला विकार म्हटले पाहिजे. स्वभावाला विकार समजून फिर्याद करणारा ग्राहक, आणि विकाराला स्वभाव ठरवून त्याची बोळवण करणारा विक्रेता, हे दोघेही एकाच अविवेकाचे बळी होत. तथापि विक्रेत्याच्या अविवेकात त्याचा स्वतःचा लाभ असतो, म्हणून त्याच्यावरील जबाबदारी मी अधिक मानतो.

हिसक्यावरून दोष ओळखणे हे कार्यावरून कारणाकडे जाणारे अनुमान आहे. अशा अनुमानाचे न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी दिलेले उदाहरण नदीचे आहे: पात्र दुथडी भरलेले पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असे जाणावे. न्यायसूत्रांतच यावर आक्षेप येतो की बांधाच्या अडथळ्यामुळेही नदी फुगते, मग हे अनुमान विश्वसनीय कसे? पेडगावला भीमेच्या काठी राहणाऱ्याला हा आक्षेप समजावून द्यावा लागत नाही. पुणे जिल्ह्यातील धरणांतून विसर्ग सुटला की स्वच्छ आकाशाखालीही तेथे पाणी चढते. नैयायिकांचे उत्तर असे की नुसते पाणी वाढणे हा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, नव्हेच. प्रवाहाचा वेग, फेस, वाहून आलेली पाने, फळे आणि लाकडे या विशेषांसह जी वाढ दिसते तीच पावसाचे लिंग, म्हणजे खूण, होय. गिअरबॉक्सच्या परीक्षेचे सारे मर्म या उत्तरात साठलेले मला दिसते. हिसका हे अनेक कारणांचे समान कार्य आहे. इंजिनाच्या माउंटिंगचे रबर फाटले, एखादा स्पार्क प्लग अधूनमधून चुकू लागला, बॅटरी क्षीण झाली, किंवा गिअरबॉक्सचे तेल कमी पडले वा करपले, तरी चालविणाऱ्याच्या अंगाला जाणवतो तो हिसकाच. म्हणून विशेष शोधावे लागतात. एकसारख्या वेगाने जाताना, खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली आणि डाव्या पायाने ब्रेकला हलकासा स्पर्श करताच ती थांबली, तर कन्व्हर्टरमधील लॉकअप क्लचवर संशय दृढ होतो, कारण त्या स्पर्शाने तो क्लच सुटतो. गाडी उभी असताना डी व आर यांत गिअर टाकताच इंजिन जागेवर उसळत असेल, तर आधी माउंटिंग पाहावे. तेलाची पातळीही कंपनीने सांगितलेल्या तपमानालाच मोजावी लागते. थंड तेलाची मोजणी दिशाभूल करते. एकेक कारण निरस्त करीत जे उरते त्यावर निर्णय करणे, हीदेखील वात्स्यायनांनी सांगितलेली अनुमानाची रीत आहे, आणि ती धीर मागते. पहिल्याच संशयावर सगळा गिअरबॉक्स उतरविण्याची घाई ती करू देत नाही.

परंतु हे विशेष मेकॅनिकला कळावयाचे कोणाकडून? जो ती गाडी रोज चालवितो त्याच्याकडूनच. येथे शब्दप्रमाणाचा, म्हणजे विश्वसनीय माणसाच्या सांगण्यातून मिळणाऱ्या ज्ञानाचा, विषय येतो. वस्तूचा साक्षात् अनुभव असलेला आणि तो जसा आला तसाच सांगण्याची इच्छा असलेला, तो आप्त, असे लक्षण वात्स्यायनांनी केले, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ या सर्वांस सारखेच लागू आहे, असेही त्यांनी स्पष्ट नोंदविले. ज्या गावात जन्माने मुसलमान असलेल्या शेख महंमदांच्या 'योगसंग्रामा'ला वारकऱ्यांनी आपला ग्रंथ मानले आणि परंपरेनुसार मालोजीराजे भोसल्यांनी त्यांच्यासाठी मठ उभारला, त्या श्रीगोंद्यात या उदार लक्षणाचा अर्थ निराळा समजावयास नको. वक्ता कोण आहे याची चौकशी न करता त्याने काय अनुभवले हे विचारणे, ही येथील जुनी रीत आहे. हिसक्याच्या बाबतीत चालविणारा आप्त आहे, कारणाच्या बाबतीत मेकॅनिक. "तुम्हाला गिअरबॉक्समधलं काय कळतं?" हा प्रश्न या दोन अधिकारांची गल्लत करतो. मात्र आप्तत्वाचे ओझे ग्राहकावरही पडते. "गाडी नीट चालत नाही" हे आप्तवाक्य होत नाही. गाडी किती वेळ चालल्यावर, कोणत्या गिअरला, कोणत्या वेगाला, चढावर की सपाटीवर, वातानुकूलन चालू असताना की बंद, हे त्याने संताप बाजूला ठेवून, अतिशयोक्ती न करता सांगितले पाहिजे, आणि जे आठवत नाही ते भरीला घालता कामा नये.

काष्टीच्या बाजारात बैल घेणारा त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो, आणि तरीही खोड आहे की नाही हे धन्यालाच विचारतो, कारण काही खोडी सहवासानेच कळतात. गाडी विकणाऱ्याचेही असेच आहे. घराचे दोष जाणणाऱ्या विक्रेत्याने ते न विचारता सांगावे काय, या प्रश्नावर डायोजेनीस आणि अँटिपाटर या स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद रोमन लेखक सिसेरोने नोंदविला आणि कौल सांगण्याच्या बाजूने दिला; माझाही कौल तोच आहे. आपला १९३० चा मालविक्री कायदा खरेदीदाराने माल पाहून घ्यावा या तत्त्वावर उभा आहे, तरी पाहणीत जे दिसावयास हवे होते आणि जे दिसणे शक्य नव्हते, यांत तोही भेद करतो. हमीपत्र या दुसऱ्या प्रकारासाठी असते. यंत्राच्या अंतरंगाविषयी कोणीही छातीठोक ग्वाही देऊ शकत नाही. हमी देणारा खरोखर वचन देतो ते ऐकून घेण्याचे, आणि ऐकलेले खोटे ठरेपर्यंत खरे धरून तपासण्याचे.

या वचनाचे पालन एका साध्या कागदावर तपासता येते. जॉबकार्डावर 'दोष आढळला नाही' एवढेच लिहिले, तर ग्राहकाचे म्हणणे दप्तरातून नाहीसे होते, आणि मुदत संपल्यावर तोच दोष उघड झाला तर तो नवा ठरविला जातो. त्याऐवजी ग्राहकाने सांगितलेली लक्षणे त्याच्याच शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह नोंदवावीत, कोणत्या परिस्थितीत तपास केला ते लिहावे, आणि गाडी तापल्यावर, ग्राहकालाच चालवावयास लावून शेजारी बसून पुन्हा पाहावयाचे आहे, असा शेरा मारून जॉबकार्डाची सही केलेली प्रत ग्राहकाच्या हाती द्यावी.