मुक्काम

मनोरीला राहायला येतो म्हणून फोन केला, की पलीकडून आधी एकच गोष्ट विचारली जाते. कोणत्या बोटीने येणार? खोली कशी हवी, जेवायला काय हवं, हे सगळं नंतर.

मालाडला उतरायचं. बस धरून मार्व्याला यायचं. खाडीपलीकडे मनोरी दिसत असते, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. बोटीला काही मिनिटंच लागतात. बोटीत मोटारसायकली असतात, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका असतात, मासळीच्या रिकाम्या पाट्या असतात. पाण्याकडे कुणी फारसं बघत नाही. रोजच्या माणसाला ती खाडी नसते, रस्ता असतो. पाणी बघतो तो पाहुणा.

ओळखीतलं मुलुंडचं एक जोडपं दिवाळीनंतरच्या थंडीत तिकडे राहून आलं. दोघं जुने ट्रेकर. पाठीवर एकेक सॅक घेतली आणि निघाले. खरं तर त्यांच्या मनात अंदमान होतं. नील बेटावर, म्हणजे २०१८ पासूनच्या शहीद द्वीपावर, बांबूच्या झोपडीत राहायचं होतं. दोघांची रजा जुळेना. मग ती म्हणाली, बेटच हवं असेल तर मालाडलाही आहे.

खोली अगदी साधी होती. लोखंडी खाट, कापसाची गादी, मच्छरदाणी. भिंतीला एक खिळा, छताला एक पंखा. मोरीत बादली आणि तांब्या. खोलीची मालकीण ईस्ट इंडियन, गावात सगळे तिला आँटीच म्हणतात. तिने दार उघडून दिलं आणि नियमावली एका दमात सांगितली. “गरम पाणी सकाळी बंबात मिळेल. बाय, मच्छरदाणी नीट खोचून घे. जेवण आठला.”

खोलीत खुर्ची एकच होती. म्हणून दोघं पायरीवर बसले.

त्याला हे फार आवडलं होतं. घरी सोफा आहे, दोन आरामखुर्च्या आहेत, जेवणाच्या टेबलाभोवती चार खुर्च्या आहेत. प्रत्येकाची जागा ठरलेली. जागा पुरेशी असली की माणसं आपापल्या जागी बसतात. कमी असली की शेजारी बसतात.

जेवायला भात, तळलेले ओले बोंबील आणि बॉटल मसाल्याचं कालवण. उन्हाळ्यात भाजून, कुटून, गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरलेला हा मसाला वर्षभर पुरवायचा असतो. बाहेर वलांडीवर बोंबील वाळत होते. तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने टांगलेले. त्यांचा वास सगळ्या वाडीला होता. पहिल्या तासाला तो जाणवतो. मग तोही घरचा होतो.

रात्री दोघं जेटीवर गेले. शेवटची बोट सुटायची होती. तो म्हणाला, तोवर माझं डोकं हिशेबच करत होतं. आत्ता निघालो तर मालाडला कधी, तिथून दादर, दादरला बदलून मुलुंडची गाडी, घरी किती वाजता. निघायचं नव्हतंच. पण हिशेब थांबत नव्हता. उपनगरात वाढलेल्या माणसाच्या डोक्यात हे गणित कायम चालू असतं. ही गेली तर पुढची. स्लो नाही तर फास्ट. आपण कुठेही गेलो तरी अर्धे परतीच्या वाटेवरच असतो.

बोट सुटली. पलीकडच्या दिव्यांत मिसळली. आणि त्याचं गणित थांबलं.

इतकं झाल्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. परतीची वाट बंद झाली, मन शांत झालं. ऐकायला बरं वाटतं. पण तेवढ्यात बायको म्हणाली, “तसं उत्तनवरून भाईंदरला जाता येईल की. गाडीरस्ता आहे.”

तो म्हणाला, “आहे खरा.”

आणि दोघंही बसून राहिले.

मला त्यांच्या सगळ्या सहलीत हे बसून राहणं मोठं वाटतं. मनोरी, गोराई, उत्तन हा पट्टा आता पूर्वीसारखा तुटलेला नाही. भाईंदरकडून रस्ता येतो. मार्वे-मनोरी पुलाची चर्चा वर्षानुवर्षं आहे. पूल झाला की बोट मागे पडेल. त्याचं वाईट वाटून घेण्याचा हक्क पाहुण्याला नाही. मध्यरात्री घरात कुणाला छातीत दुखू लागलं, की पाणी किती सुंदर आहे हे कुणी बघत नाही. पूल ही तिथल्या माणसाची गरज आहे. बेट ही आपली हौस.

आणि आपण तरी कुठे राहतो? अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सगळी साष्टी बेटावरची गावं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र. मुंबईहून वांद्र्याला यायचं तर माहीमची खाडी होडीने ओलांडावी लागे. अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांनी स्वतःचे एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीमचा बांध खुला झाला. १८५४ मध्ये रेल्वे ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला गेली. मग पूल होत गेले. इतके झाले, की पायाखाली बेट आहे हे साष्टीतल्या लाखो माणसांना कधी सुचतही नाही. ऐरोलीच्या पुलावरून जाताना आपण खाली बघत नाही. पुढच्या गाडीच्या लाल दिव्याकडे बघतो.

वाट तुटणं ही काही सुखाची गोष्ट नव्हे. हाच मनोरी-उत्तनचा पट्टा एके काळी धारावी बेट म्हणून ओळखला जाई. वसईच्या खाडीच्या तोंडाशी तो बसलेला. ज्याच्या हाती धारावी, त्याच्या हाती वसईत येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी धारावी घेतली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वसईच्या किल्ल्यात अडकलेल्यांनाही समुद्र दिसत होता. तोच समुद्र, तोच वारा, तीच भरती-ओहोटी. पण त्यांच्यासाठी तो वेढा होता.

वाट नसताना थांबणं हा वेढा. वाट असताना थांबणं हा मुक्काम.

गोराईला विपश्यनेचा पॅगोडा आहे. २००९ मध्ये तो खुला झाला. त्याच आवारात दहा दिवसांची शिबिरं होतात. माणसं फोन जमा करतात आणि मौन पाळतात. दाराला बाहेरून कुलूप नसतं. आत बसलेल्या प्रत्येकाला बोरिवलीकडे जाणारी बोट कुठून सुटते हे ठाऊक असतं. ते ठाऊक असूनच तो बसलेला असतो. बसण्याला काही अर्थ येतो तो त्यामुळेच.

मुलुंडच्या त्या दोघांनी दुसऱ्या दिवशी पहाटेची बोट धरली नाही. धरता आली असती. पण ती बोट त्यांची नव्हती. ती कामावर जाणाऱ्यांची होती, मासळी घेऊन मालाडच्या बाजाराला निघालेल्या बायकांची होती. पाट्या चढत होत्या. कुणी कुणाचा हात धरत होतं, कुणी कुणाला दटावत होतं. सगळ्यांना घाई होती आणि घाई शोभत होती. कारण जायचं कशाला, हे त्यांना नीट माहीत होतं.

आपल्या घाईला बहुतेक वेळा ते माहीत नसतं. गाडी आहे म्हणून आपण जातो. फोन हातात आहे म्हणून बघतो. सुट्टी आहे म्हणून निघतो. वाट दिसली की पाय उचलायचा, ही सवय इतकी मुरली आहे की थांबणं म्हणजे काहीतरी चुकवणं वाटतं. मग थांबण्यासाठीही आपल्याला दूरचं बेट लागतं. तिथे जायला विमान लागतं, रजा लागते, महिनाभर आधी केलेलं बुकिंग लागतं. एवढं करून गाठलेल्या झोपडीत पहिली चौकशी होते ती रेंजची.

नवरा-बायकोच्या संसारातही वाटा थोड्या नसतात. एकाच घरात दोन फोन, दोन कामं, दोन झोपायच्या वेळा. कुणी कुणाला सोडून गेलेलं नसतं, तरी दोघं एका जागी फारसे सापडत नाहीत. हे भांडण नव्हे. ही निव्वळ सोय. सोयीने जितकी माणसं लांब गेली आहेत, तितकी रागाने गेली नसतील.

बेट करायला पाणी लागत नाही. संध्याकाळी घरातल्या दोन खुर्च्या जवळ ओढल्या तरी चालतं. बाहेर रिक्षा असेल, फलाटावर पुढची लोकल येत असेल, फोन वाजत असेल. ते बंद पडायची वाट बघू नये, ते पडणार नाही. ते असू द्यावं. असलेल्या प्रत्येक वाटेने जायलाच हवं, असं थोडंच आहे?