येऊरला काय दिसले?



सुट्टीच्या दिवशी आपण मुलाबाळांसह येऊरच्या रानात जातो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे १०४ चौरस किलोमीटर जंगलाचा हा ठाण्याकडचा भाग. वाटेत माकडे दिसतात, फुलपाखरे दिसतात, पण बिबट्या दिसत नाही. मग आपण घरी येऊन सांगतो, ‘काहीच दिसले नाही!’

ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर ईयोबाला विचारतो, रानातल्या हरिणी कधी वितात हे तुला ठाऊक आहे काय? माणसाच्या नजरेआडही परमेश्वराची माया चालूच असते. बिबट्या आपल्याला दिसो वा न दिसो, परमेश्वराला तो दिसतो.

आपण उरलेले अन्न तेथेच टाकतो. त्यावर भटकी कुत्री जमतात. कुत्र्यांच्या मागे बिबट्या वस्तीजवळ येतो आणि धोका पाड्यांवरच्या आदिवासी लेकरांना होतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला आपले सामाईक घर म्हटले. त्या घरात पाड्यावरचे लेकरूही आले आणि बिबट्याही आला.

पुढच्या खेपेस आपला कचरा आपण पिशवीत घालून घरी आणू या. जे आपल्याला दिसत नाहीत, त्यांचीही काळजी घेण्याची कृपा प्रभू आपणांस देवो.