दिवस गेले असता मायदेशी जावे काय?

आपल्या समाजात भारतात जाऊन येणे ही नुसती सहल नसते. कोणाची आई ठाण्याला असते, कोणाचा भाऊ मुंबईत, कोणाचे घर अजून कोकणात उभे असते. भाचीच्या लग्नाची मेंदी असते, किंवा अलिबागजवळच्या खंडाळ्यास एलियाहू हन्नावीच्या ठिकाणी मलिद्याचा नवस फेडायचा राहिलेला असतो. अशा वेळी घरातल्या लेकीला किंवा सुनेला नुकतेच दिवस गेलेले असले, म्हणजे प्रश्न पडतो: तिने जावे काय?

मुंबईत शाळा संपवून आम्ही 1978 साली इस्रायलला आलो आणि येथेच परिचारिकेचे शिक्षण घेतले. जवळजवळ चाळीस वर्षे त्या कामात गेली. हा प्रश्न घेऊन अनेक बायका आमच्याकडे आल्या व निवृत्तीनंतरही येतात. वैद्यकीय उत्तर आम्हांस पाठ आहे. परंतु त्या उत्तराच्या आत दुसरा एक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर कोणत्याही वर्गात आम्हांला कोणी शिकविले नाही. सल्ला द्यायचा आम्ही, सोसायचे तिने. तर मग त्या सल्ल्याचा भार आम्हांवर किती?

प्रथम वैद्यकीय बाजू सांगतो, कारण ती नीट समजल्याशिवाय पुढचे बोलणे व्यर्थ आहे.

गर्भाचे हृदय, मेंदू, डोळे, हातपाय हे सारे पहिल्या आठ-दहा आठवड्यांत आकार घेते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याची धड खात्रीही झालेली नसते. वार ही गर्भाभोवतीची भिंत आहे, आईला काही झाले तरी आतले मूल सुरक्षित राहते, असे पूर्वी डॉक्टरही समजत. 1941 साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले की गरोदरपणाच्या आरंभी आईला रूबेला म्हणजे जर्मन गोवर झाला, तर मूल मोतीबिंदू घेऊन जन्मास येऊ शकते. पुढे थॅलिडोमाइड नावाचे औषध निघाले. 1957 साली जर्मनीत ते विक्रीस आले आणि 1961 मध्ये मागे घ्यावे लागले. त्या चार वर्षांत ते घेतलेल्या आयांच्या पोटी हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. तेव्हापासून पहिल्या तीन महिन्यांविषयी सगळे जग सावध झाले.

उष्ण देशांतल्या प्रवासाची भीती याच महिन्यांशी जोडलेली आहे. मलेरियाचे पाहा. गरोदर बाईकडे डास अधिक ओढले जातात, असे आफ्रिकेतील गॅम्बिया देशात केलेल्या व 2000 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले. मलेरियाचे जंतू वारेत जमून राहतात. त्याने आईचे रक्त कमी होते, गर्भ पडू शकतो, किंवा मूल फार कमी वजनाचे जन्मते. बरे, प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात तर डॉक्सीसायक्लीन आणि प्रायमाक्वीन या गोळ्या गरोदरपणी देत नाहीत. म्हणजे धोका अधिक आणि हाताशी हत्यारे कमी. झिका हा दुसरा आजार. 2015 साली ब्राझीलमध्ये त्याची साथ पसरली आणि लहान डोक्याची, मेंदूची वाढ खुंटलेली मुले जन्मू लागली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने 1 फेब्रुवारी 2016 रोजी आणीबाणी जाहीर केली. झिका झालेल्या बहुतेकांना काहीच त्रास होत नाही, म्हणून तो आला कधी आणि गेला कधी हे कळतही नाही. त्यावर लसही नाही. हा डास दिवसा चावतो, तेव्हा रात्रीची मच्छरदाणी एकटी पुरत नाही. नवरा एकटाच जाऊन आला तरी त्याच्याकडून संसर्ग येऊ शकतो, ही गोष्ट बायकांना लाजेने कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहितो.

हे वाचून कोणी म्हणेल, ही बाई इतकी वर्षे येथे राहून आता मायदेशाला नावे ठेवू लागली. तसे नव्हे. आज आपण ज्या देशात राहतो तो देशही एके काळी मलेरियाने पोखरलेला होता. 1920 नंतरच्या दशकात डॉ. इस्रायल क्लिगलर यांनी गावोगाव फिरून दलदली बुजविल्या आणि लोकांना साचलेल्या पाण्यावर लक्ष ठेवायला शिकविले, म्हणून तो हटला. उलट, मलेरिया डासांतून पसरतो याचा पहिला पुरावा रोनाल्ड रॉस यांना 1897 साली भारतातच, सिकंदराबादेस मिळाला. दोष डासाचा व साचलेल्या पाण्याचा. भूमीला दोष देण्याचे कारण नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट.

जानेवारी 1992 मध्ये भारत-इस्रायल संबंध पूर्णपणे जुळले आणि आपले लोक मोठ्या संख्येने जाऊ-येऊ लागले. 1994 साली आपल्यांतलीच एक तरुण सून आमच्या विभागात आली. दहावा आठवडा होता. कोकणातून परत येऊन दहा-बारा दिवस झाले होते, आणि गर्भ गेला होता. मलेरियासाठी रक्त तपासले, काही निघाले नाही. तापही नव्हता. सासू खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "किती सांगितलं, जाऊ नकोस म्हणून. आईच्या घरची मेंदी बघितलीस, आता भोग."

ती मुलगी भिंतीकडे तोंड करून पडली होती. आम्ही तापाचा तक्ता हातात घेऊन उभे होतो. आम्हांस ठाऊक होते की दिवस गेल्याचे कळलेल्या दर शंभर बायकांत दहा ते वीस जणींचा गर्भ आपोआप जातो, बहुतेकींचा पहिल्या तीन महिन्यांतच, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या मुळाशी गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. तो दोष गर्भ राहतानाच झालेला असतो. विमानाने तो होत नाही, जिना चढल्याने होत नाही, आणि मेंदीला गेल्याने तर नाहीच. हे दोन वाक्यांत सांगता आले असते. पण वयाने मोठी बाई, आपल्याच समाजातली, ओळखीची. घरच्या गोष्टीत आपण का पडा, असे वाटले, आणि आम्ही तक्ता लिहून पुढच्या खाटेकडे गेलो.

त्या सुनेला पुढे मुले झाली असे ऐकले. ती दुखावली असेल, विसरलीही असेल. आम्ही मात्र विसरलो नाही.

दुसरी गोष्ट अलीकडची. 2024 च्या जुलैत आमच्या बहिणीची मुलगी अश्दोदहून आमच्याकडे आली. सातवा आठवडा लागला होता आणि नवऱ्याखेरीज कोणालाच सांगितले नव्हते. तिच्या वडिलांची आई पुण्यास अंथरुणावर होती. लहानपणी पाच वर्षे ही पोर त्या आजीच्या हाताखाली वाढलेली. आजीने फोनवर एवढेच म्हटले होते, "येऊन जा गं एकदा." आणि नेमके त्याच दिवसांत पुण्यात झिकाचे रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायकाही होत्या. भारत सरकारने 3 जुलैला राज्यांना सूचना काढून गरोदर स्त्रियांची तपासणी करायला सांगितले होते.

आम्ही सारे तिच्यापुढे मांडले. झिका झालेल्या आयांच्या मुलांत शंभरांत पाच ते पंधरा मुलांना इजा होते, हे सांगितले. आधी झिका व्हावा लागतो, आणि थोड्या दिवसांच्या मुक्कामात तो होण्याचा संभव लहान, हेही सांगितले. येथेही युद्धाचे दिवस होते, तेव्हा 'सुरक्षित' हा शब्द आम्ही जपूनच वापरला. ऐकून झाल्यावर तिने विचारले, "मावशी, तू माझ्या जागी असतीस तर?"

हा प्रश्न परिचारिकेला विचारला की ती म्हणते, निर्णय तुमचा आहे. ते खरेही आहे. परंतु पुष्कळदा आपली सुटका करून घेण्यासाठीच ते वाक्य वापरले जाते, हे आम्ही कबूल करतो. 1994 ची खाट डोळ्यांपुढे आली. या वेळी गप्प बसायचे नाही असे ठरविले आणि म्हणालो, "आम्ही गेलो नसतो."

ती गेली नाही. तिचे वडील गेले. तीन आठवड्यांनी आजी वारली. पुढच्या वर्षी पुरीमच्या थोडे आधी मुलगी झाली, सुदृढ. सगळ्यांनी म्हटले, बरे झाले गेली नाही. पण आजीच्या वर्षाच्या दिवशी तिने मुलीला मांडीवर घेऊन आम्हांला विचारले, "मावशी, गेले असते तर काय झालं असतं गं?"

आम्ही खरे सांगितले, "बहुतेक काहीच झालं नसतं."

या उत्तराने आम्हांला अजून झोप नीट येत नाही. टाळलेला धोका डोळ्यांना दिसत नाही, पण न झालेली भेट मात्र जन्मभर दिसत राहते. जे सावधपणाचा उपदेश करतात, ते त्याची किंमत क्वचितच सांगतात, कारण ती किंमत त्यांना द्यावी लागत नाही. आमचा सल्ला चुकला असे आम्हांला आजही वाटत नाही. ज्याला काही बोलता येत नाही, त्याच्या वाट्याचा धोका दुसऱ्याने उचलताना हात आखडता घ्यावा, असेच आमचे मत आहे. आपल्या धर्मानेही जीव राखणे हे जवळजवळ सर्व आज्ञांच्या वर ठेवले आहे. पण सल्ला बरोबर होता म्हणून तो फुकट होता, असे मात्र होत नाही.

यावरून आम्ही काही गोष्टी शिकलो, त्या वाचकांपुढे ठेवतो.

पहिली, प्रवास पुढे ढकलता येतो काय ते पाहावे. लग्नाच्या पंगती पुढेही होतील, मलिद्याचा नवस पुढच्या वर्षीही फेडता येईल. एलियाहू हन्नावी रागावणार नाहीत. शक्य असल्यास चौदाव्या आठवड्यानंतर, अठ्ठावीसच्या आत, साथ नसलेल्या ठिकाणी व पावसाळा टाळून जावे. मात्र मरणाच्या दारातले माणूस थांबत नाही. तो प्रवास वेगळा, आणि तेथे कोणी कोणाला हुकूम करू नये.

दुसरी, जायचेच ठरले तर नीट जावे. निघण्यापूर्वी सोनोग्राफी करून गर्भ जागेवर आहे ना ते पाहावे, कारण गर्भ नळीत राहिला असेल तर परक्या ठिकाणी जिवावर बेतते. प्रवाशांच्या दवाखान्यात आपली अवस्था न लाजता सांगावी. जिवंत जंतूंच्या लसी या काळात सहसा देत नाहीत. प्रवासाच्या विम्यात गरोदरपणाचे कलम घातले आहे काय ते वाचावे. अंगभर कपडे, डास हाकलणारे मलम दिवसाही, रात्री मच्छरदाणी, उकळलेले पाणी. परत आल्यावर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन कोठून आलो ते आधी सांगावे.

तिसरी घरच्यांसाठी. तीन महिने होईतो कोणाला सांगायचे नाही, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. दृष्ट लागू नये म्हणून असेल, हसे होऊ नये म्हणून असेल. पण त्यामुळे सर्वांत नाजूक दिवसांतला निर्णय मुलगी एकटी घेते. सांगण्याजोगे एक तरी वडील माणूस तिला असावे, आणि त्या माणसाने तोंड मिटून ठेवावे.

आणि शेवटची. तिने जायचे ठरविले असो वा न जायचे, एकदा ठरल्यावर जे होईल ते घराचे. मूल गेले तर "सांगितलं होतं" हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघू नये. ते बहुधा खोटे असते, आणि खरे असले तरी त्या वेळी त्याचा काही उपयोग नसतो. आणि शेजारी उभ्या असलेल्या ज्याला खरे काय ते ठाऊक आहे, त्याने गप्प बसू नये.

आमची ती भाची येत्या हिवाळ्यात मुलीला घेऊन पुण्यास जाणार आहे. आजीच्या कबरीपाशी जायचे म्हणते. परवा तिने फोन करून विचारले, लहान मुलांना डासांचे कोणते मलम चालते. आम्ही नाव सांगितले, आणि एक मच्छरदाणी शिवून ठेवली आहे.