थडगे राहू द्या, फलक बदला

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडाच्या पायथ्याशी रात्रीच्या अंधारात माणसे विजेऱ्या घेऊन शेते खोदत होती. 'छावा' चित्रपटात बुऱ्हाणपूरची लूट पडद्यावर दिसली होती. इंदूर-इच्छापुर महामार्गाच्या कामातून निघालेल्या मातीत मोगली मोहरा सापडतात, अशी वार्ता त्याच सुमारास पसरली. तेवढ्यावर गावेच्या गावे फावडी घेऊन निघाली. त्याच महिन्याच्या 17 तारखेला नागपुरात औरंगजेबाची खुलताबादची कबर उखडून टाकण्याच्या मागणीवरून दंगल उसळली. संचारबंदी लागली आणि एका माणसाचा जीव गेला. एकाला इतिहासातून सोने हवे होते, दुसऱ्याला सूड. इतिहास समजून घ्यायला मात्र कुणालाच सवड नव्हती.

इच्छापुर हे मध्य प्रदेशाच्या टोकाचे गाव. इथून पुढे गेले की मुक्ताईनगर, म्हणजे महाराष्ट्र. निमाड आणि खानदेश जिथे एकमेकांत मिसळतात, त्या या पट्ट्यात मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वादग्रस्त माणसांच्या खुणा ठेवाव्यात की पाडाव्यात, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या चर्चासत्रांपेक्षा आम्हाला जवळचा आहे. त्या खुणा आमच्या रोजच्या वाटेवर आहेत.

बुऱ्हाणपूरजवळ मोहना नदीच्या काठी 'राजा की छत्री' उभी आहे. हे मिर्झाराजे जयसिंगांचे स्मारक. मिर्झाराजे म्हणजे औरंगजेबाचे सेनापती. पुरंदरला त्यांच्याच फौजेने वेढा घातला, मुरारबाजी तिथेच पडले, आणि जून 1665 च्या तहात शिवाजी महाराजांना तेवीस किल्ले द्यावे लागले. मराठी मनाने हिशेब मांडला तर ही शत्रूची छत्री ठरते. पण याच मिर्झाराजांनी महाराजांच्या सुरक्षिततेचा शब्द दिला होता आणि आग्र्यात त्यांचा मुलगा रामसिंग त्या शब्दाला जामीन राहिला. महाराज आग्र्याहून निसटले तेव्हा बादशहाचा रोष रामसिंगावर आला. विजापूरच्या मोहिमेत अपयश आलेल्या मिर्झाराजांना परत बोलावण्यात आले आणि वाटेत, 1667 मध्ये, बुऱ्हाणपुरात त्यांचा मृत्यू झाला. मग ही छत्री कुणाची म्हणायची? मोगलांच्या चाकराची, की शब्द पाळणाऱ्या राजपुताची? हिंदूची, की हिंदवी स्वराज्याच्या वैऱ्याची? आजच्या कोणत्याही झेंड्याखाली ती नीट बसत नाही. म्हणूनच ती राहिली पाहिजे. माणसे इतिहासात एका रंगाची नव्हती, हे शिकवायला याहून चांगला धडा आपल्याकडे नाही.

आता आपल्याच बाजूकडे पाहू. 1681 च्या आरंभी हंबीरराव मोहिते यांच्या नेतृत्वाखाली मराठी फौज बुऱ्हाणपूरवर चालून आली आणि बहादूरपुरा ही पेठ तीन दिवस लुटली गेली. आम्ही ही मोहीम अभिमानाने सांगतो, आणि लढाईच्या दृष्टीने ती धाडसी होतीच. पण त्या पेठेतले व्यापारी, विणकर, बायका-मुले कुणाची होती? त्यांच्या घरादाराचीच धूळधाण झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात औरंगजेब स्वतः बुऱ्हाणपुरात येऊन थडकला आणि दख्खनचे दीर्घ युद्ध पेटले. बुऱ्हाणपूरच्या माणसाने उद्या हिशेब मागायचा ठरवला, तर तो कोणाकोणाची स्मारके पाडायला मागेल? सुडाचे माप एकदा हातात घेतले की ते आपल्याच दारापर्यंत येऊन पोचते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, कबर, छत्री, समाधी, किल्ला, लढाईची जागा या साऱ्या पुराव्याच्या वस्तू आहेत. त्या पाडू नयेत. कबर ठेवणे म्हणजे आत झोपलेल्याचा गौरव करणे, हा समज आधी मनातून काढला पाहिजे. 1689 मध्ये संभाजी महाराजांना हालहाल करून मारणारा बादशहा सुमारे पंचवीस वर्षे दख्खनमध्ये झुंजला, मराठी राज्य संपवू शकला नाही आणि 1707 मध्ये अहमदनगरला मरण पावला. दिल्लीला तो परतलाच नाही. खुलताबादची ती साधी, उघडी कबर मराठ्यांच्या चिवटपणाची दगडात कोरलेली साक्ष आहे. ती उखडली तर आपल्याच पूर्वजांच्या पराक्रमाचा पुरावा आपण आपल्या हाताने पुसू.

प्रतापगडाखाली अफजलखानाची कबर आहे. मारलेल्या शत्रूचे दफन शिवाजी महाराजांनी रीतीने करवले, असे परंपरा सांगते. ज्यांच्या नावाने आज हातोडे उगारले जातात, त्यांची ही रीत होती. नोव्हेंबर 2022 मध्ये शासनाने त्या कबरीभोवतीचे अनधिकृत बांधकाम पाडले आणि कबर जागेवर ठेवली. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. कबर राहील, तिच्याभोवती वाढवलेले देव्हारे राहणार नाहीत.

पुतळ्यांचे मात्र वेगळे आहे. पुतळा कुणीतरी चौकात, न्यायालयात, कचेरीत मुद्दाम बसवतो. 'याला नमस्कार करा' असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो. म्हणून त्याच्याकडे जाब मागण्याचा हक्क समाजाला आहे. जयपूरला राजस्थान उच्च न्यायालयाच्या आवारात 1989 मध्ये मनूचा पुतळा बसवला गेला. तो हटवण्याचा ठराव त्याच वर्षी झाला, पण त्याला स्थगिती मिळाली आणि पुतळा जागेवर राहिला. 1927 च्या 25 डिसेंबरला बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, ते ज्या अन्यायाविरुद्ध होते, त्याच अन्यायाची स्मृती न्याय मागायला आलेल्या दलित स्त्रीने न्यायमंदिराच्या दारात का पाहावी? तो पुतळा संग्रहालयात गेला पाहिजे. पण तो कायद्याने, दिवसाउजेडी आणि कारण सांगून गेला पाहिजे.

हे आपल्याला जमले आहे. मुंबईच्या काळाघोड्यावरचा राजा सातवा एडवर्ड 1965 मध्ये भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात हलवला गेला. गोव्यात पोर्तुगीज आल्बुकर्कचा पुतळा आज जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे. ना कुणाचे डोके फुटले, ना कुणाचा इतिहास हरवला. पुण्याचे अनुभव उलटे आहेत. 2010 च्या डिसेंबरात लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा रात्री हलवला गेला. 2017 च्या जानेवारीत राम गणेश गडकरींचा अर्धपुतळा रात्रीच उखडून मुठेत फेकला गेला. त्यातून एकही प्रश्न सुटला नाही. दोन्ही बाजूंची कटुता मात्र वाढली. अंधारात केलेल्या कामाला न्याय म्हणता येत नाही.

ज्यांना हातोडा प्रिय आहे त्यांनी मार्च 2018 आठवावा. त्रिपुरात लेनिनचा पुतळा पाडला गेला आणि पुढच्या काही दिवसांत तामिळनाडूत पेरियारांच्या, उत्तर प्रदेशात बाबासाहेबांच्या पुतळ्यांवर हल्ले झाले. हातोड्याला जात-धर्म-विचार काही नसतो. आज तो तुमच्या नावडत्यावर पडतो, उद्या तुमच्या आराध्यावर.

'पण आमच्या भावना दुखावतात त्याचे काय?' हा प्रश्न खोटा नाही. दुखावलेल्याला गप्प बसवणे हे उत्तर होऊ शकत नाही. त्यावर उत्तर आहे ते सत्य सांगणाऱ्या फलकाचे. मिर्झाराजांच्या छत्रीजवळ मराठी, हिंदी आणि उर्दूत लिहावे की हा कोण होता, पुरंदरला काय झाले, आग्र्याला काय झाले, कुणाला काय भोगावे लागले. असीरगडाखाली, बहादूरपुऱ्यात, खुलताबादेत, प्रतापगडाखालीही असेच लिहावे. ज्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीबरोबर संस्कृत शिलालेख कोरवला, त्या गावाला एका ठिकाणी तीन भाषा मांडणे जड जाऊ नये. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर 1958 च्या पुरातत्त्व कायद्यानुसार तुरुंगवास, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ते भय जमावाला आवरील. समज वाढवणे मात्र शाळेचे आणि घराचे काम आहे.

म्हणून इच्छापुर, शाहपूर, बुऱ्हाणपूर आणि मुक्ताईनगरच्या शिक्षकांना, ग्रामपंचायतींना आणि पालकांना माझी विनंती आहे. मुलांना या वर्षी मोहनाकाठच्या छत्रीवर न्या. पुरंदरचा तह तिथे वाचून दाखवा. बहादूरपुऱ्यात लुटलेल्या माणसांची गोष्ट त्याच दिवशी सांगा. शत्रूचे थडगे पाहून ज्याचा हात दगडाकडे जात नाही आणि आपल्या वीराची चूक ऐकून ज्याचा कान बंद होत नाही, असा नागरिक घडवणे हेच आपले खरे स्मारक होईल.