तिसरी खुर्ची

चाकण एमआयडीसीतली एखादी कंपनी कर्जात बुडाली, तर तिच्यासाठी २०१६ची दिवाळखोरी संहिता आहे. न्यायाधिकरण एक त्रयस्थ व्यावसायिक नेमतं, तो हिशेब मांडतो, बँका एकत्र बसतात आणि पुष्कळदा मोठी रक्कम सोडूनही देतात. आपण याला व्यवहार म्हणतो. त्याच कंपनीत शिफ्ट करणाऱ्या मुलाच्या वडिलांचं पीककर्ज थकलं, तर ते हातात नोटीस घेऊन बँकेत एकटेच जातात. त्यांच्या बाजूला तिसरी खुर्ची नसते. ती सरकारी पैशातून ठेवावी का?

कल्पना परकी नाही. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि कर्जखतं जाळली. हे लोण पुढे अनेक गावांत पसरलं. त्यानंतर १८७९चा दख्खन शेतकरी कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांसाठी होता, म्हणजे चाकणचा खेड तालुकाही त्यात आला. जिथे सलोखा करणारे नेमले होते, तिथे सावकाराला दावा लावण्याआधी त्यांच्याकडे जावं लागे. शिवाय खतावरच्या आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचं काम कोर्टावर आलं.

आक्षेप रास्त आहे: जो वेळेवर हप्ते भरतो, त्याच्या करातून हे का? पण कर्जमाफीही करातूनच होते. २०१७ला मर्यादा दीड लाखांची होती, २०१९ला दोन लाखांची. कोण किती फेडू शकतो, हे माफी विचारत नाही. मध्यस्थ तेच विचारतो. माफीत शेतकरी लाभार्थी असतो. मध्यस्थीत तो शब्द देणारा आणि पाळणारा माणूस असतो.

खरी भीती वेगळी आहे. दुबळा आणि बलवान एका टेबलाशी बसले, की ‘तडजोड’ म्हणजे दुबळ्याची सही. लोकअदालत आज फुकट आहे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. मग सहीआधी व्याजाचा हिशेब शेतकऱ्याच्या बाजूनं कोण वाचणार? अमेरिकेत शेतीकर्जाचं संकट आलं, तेव्हा १९८७च्या कायद्यानं राज्यांच्या मध्यस्थी योजनांना केंद्राचा पैसा दिला. आपणही द्यावा, पण तो नुसत्या समेटासाठी नको. आधी खातं उघडून वाचणाऱ्या माणसासाठी हवा.

लोन ॲपच्या अटी न वाचता ‘ॲग्री’ दाबणाऱ्या आपल्याला, असा वाचणारा सोबत असण्याची किंमत कळायला हवी.