भावंडांतील सांधा
(शास्त्रपाठ : लूक 12:13–15, 2 राजे, अध्याय 12)



लोकसमुदायातील एका मनुष्याने प्रभूस विनंती केली की, आपल्या भावाने वडिलार्जित धनाचा वाटा आपणांस द्यावा असे त्यास सांगावे. प्रभूने वाटणीचा पंच होण्याचे नाकारिले, आणि सर्वांस लोभाविषयी सावध केले. ज्याने स्वतः सुताराचे काम केले, त्यास एका धंद्यात राबणाऱ्या भावंडांची दुखणी ठाऊक नव्हती, असे आम्हांस वाटत नाही. वाटणीपूर्वी मन नीट व्हावे, एवढेच त्यास सांगावयाचे होते.

वऱ्हाडातील कारंजा लाड हे दिल्ली, दारव्हा, मंगरूळ व पोहा या चार वेशींचे जुने गाव. तेथील जैनांच्या काष्ठासंघ मंदिरातील लाकडावरचे कोरीव काम प्रसिद्ध आहे. अशा गावी जुन्या सागवानी कपाटांची, पेट्यांची व झोपाळ्यांची डागडुजी करणारे एक घर आपण डोळ्यांपुढे आणू या. थोरला भाऊ सांधे उकलितो, धाकटा रंधा धरितो, बहीण चपड्याचे पॉलिश लाविते. काम एकाचे नव्हे, तिघांचे आहे.

जुनी खुर्ची डगमगू लागली म्हणजे अडाणी मनुष्य तीत खिळा ठोकितो, आणि लाकूड चिरते. जाणता सुतार सांधा उकलितो. जुना सरस ऊन पाण्याने मऊ करून खरवडितो, नवा सरस लावून सांधा आवळून बांधितो, आणि तो वाळेपर्यंत खुर्चीवर भार घालीत नाही. वाळवीने खाल्लेला भाग कापून तेथे मुरलेल्या लाकडाचा तुकडा रेषा जुळवून बसवितो. कारण ओले लाकूड वाळताना आकसते व फट पडते. भेगेत लुकण भरून वरून पॉलिश केले, तर गिऱ्हाईक त्या दिवशी संतोषाने जाईल; पण ऋतू पालटला की भेग पुन्हा तोंड उघडील.

आता पाहा. परक्यांचे सांधे जोडणाऱ्या या घरात बाप वारला, आणि भावाभावांचे बोलणे तुटले. थोरला म्हणतो, गिऱ्हाईक मी मिळविले. धाकटा म्हणतो, कसब माझे. हत्यारे वाटली गेली. रंधा एकाकडे, पटाशी दुसऱ्याकडे. नाताळात दोघे एका पंक्तीस बसतात, उपासनेत एका बाकावर बसतात. बंधूंनो, हे लुकण व पॉलिश होय. हा सांधा नव्हे! सांधा बसावयाचा तर एका लाकडास खाच पत्करावी लागते, व दुसऱ्यास आपले अंग छाटून घेऊन कुसू व्हावे लागते. दोन्ही कापली जातात. तू झीज, मी आहे तसाच राहीन, असे म्हणणाऱ्यांचा सांधा कोणत्याही सरसाने धरणार नाही.

कोणी म्हणेल, भावाभावांत हिशेब कसला? योवाश राजाच्या काळी मंदिराची डागडुजी झाली, तेव्हा कारभाऱ्यांपासून हिशेब घेत नसत, कारण ते सचोटीने वागत, असे शास्त्र सांगते. खरे आहे, पण त्याच अध्यायात, पैसा त्यांच्या हाती देण्यापूर्वी राजाचा लेखक व मुख्य याजक तो मोजून थैल्यांत बांधीत, असेही लिहिले आहे. आधी मोजणी, मग विश्वास. कारंजाच्या लोकांस हे नवे नाही. 1886 साली तेथील कापसाचा बाजार सरकारी नियमाखाली आला. असा हा देशातील पहिला बाजार मानितात. माप उघड असले म्हणजे मने स्वच्छ राहतात. म्हणून सरस, चपडा व सागवान यांचा खर्च किती, मजुरी किती आली, हे दर शनिवारी एका वहीत सर्वांसमक्ष लिहावे. वही प्रीतीची वैरीण नव्हे, तिची राखणदार आहे.

आणि बहिणीचे काय? कित्येक घरी तिने वर्षानुवर्षे चपड्याचे हात दिले, आणि बापाच्या मागे तिच्यापुढे हक्कसोडपत्र ठेविले जाते. आम्हां ख्रिस्ती लोकांस लागू असलेल्या 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे, बाप मृत्युपत्र न करिता वारला व मागे पत्नी व मुले असली, तर तिसरा हिस्सा पत्नीचा आणि उरलेले मुलगे व मुली यांस सारखे. तिने स्वखुशीने सोडिले तर ती तिची उदारता. भिडेने सोडविले तर तो तुमचा लोभ. कायदा दटावील तेव्हाच न्याय करावयाचा, तर सुवार्तेने आपल्यांत अधिक काय केले?

चपड्याचा एक गुण आम्हांस फार बोध देतो. त्याचा नवा हात जुन्यावर दिला, तर स्पिरिटाने जुना थर थोडा विरघळतो व दोन्ही एकजीव होतात. क्षमेचेही तसेच आहे. ती जुन्या दिवसांस पुसून टाकीत नाही. त्यांत मिसळून त्यांस पुन्हा तेज देते.

तर ज्याच्या घरी सांधा सुटला असेल, त्याने पुढील प्रभुवाराची वाट पाहू नये. आज सायंकाळी थोरल्याने धाकट्याच्या दारी जावे, पटाशी त्याच्या हाती द्यावी, आणि बहिणीसही बोलावून वही मध्ये ठेवावी. नासरेथचा सुतार त्या घरी वाटणी करणारा म्हणून नव्हे, तर जोडणारा म्हणून येवो. आमेन.